फोटोखालची नोंद : लुईस हाइन आणि कापडगिरण्यांतली मुलं

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

सुरुवातीला एक फोटो दाखवतो. अर्धा मिनिट मी काहीच बोलणार नाही. तुम्ही नुसतं बघा.

(पडद्यावर फोटो. काही वेळ शांतता.)

काय दिसलं? एक लहान मुलगी. तिच्याजवळ सूत कातायचा लांबच लांब साचा. ती उभी आहे आणि थेट आपल्याकडे बघतेय. पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच ‘बिचारी’ म्हणालं, ते मला ऐकू आलं. आणि डाव्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, ‘प्रकाश काय सुंदर आहे!’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या दोन्ही उद्गारांशी माझं भांडण आहे, असं समजा.

आता तोच फोटो परत दाखवतो, पण या वेळी फोटो काढणाऱ्यानं त्याच्यासोबत काय लिहून ठेवलं होतं तेही सांगतो. डिसेंबर १९०८. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली व्हिटनेल इथली कापडगिरणी. मुलीची उंची ५१ इंच, म्हणजे चार फूट तीन इंच. वर्षभर गिरणीत आहे, मधूनमधून रात्रपाळीही केली आहे. साच्याच्या चार बाजू सांभाळते. रोजी ४८ सेंट. वय विचारल्यावर ती जरा अडखळली, आठवत नाही म्हणाली, आणि मग विश्वासात घेऊन सांगितलं की कामाला लागायचं माझं वय नाही, पण करते. आणि शेवटचं वाक्य: या गिरणीत ५० कामगार आहेत, त्यांतली दहा मुलं साधारण हिच्याएवढी आहेत.

आता बघा परत तिच्याकडे. काहीतरी बदललं ना? मघाशी ती ‘बिचारी’ होती. आता ती साक्षीदार आहे. तिनं आपल्याला एक गोष्ट सांगितली आहे आणि सांगताना थोडा धोकाही पत्करला आहे.

फोटो काढणाऱ्याचं नाव लुईस हाइन. माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे नंतर मी भरकटलो तरी तुमच्या हाताला ते लागेल. हाइनचं काम म्हणजे फोटो आणि नोंद मिळून होणारा एकच पुरावा आहे. आपण गेली कित्येक वर्षं त्यातली नोंद कापून टाकतो आणि उरलेल्या फोटोला ‘कालातीत’ म्हणून फ्रेम करतो. असं करताना आपण त्या मुलांची साक्ष काढून घेतो.

थोडं मागे जाऊ. कापडगिरणी आणि मुलं यांचं नातं हे गिरणीइतकंच जुनं आहे. अमेरिकेत सॅम्युअल स्लेटरनं १७९० साली ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट इथं पाण्यावर चालणारी सूतगिरणी सुरू केली, तेव्हा त्याचे पहिले कामगार सात ते बारा वर्षांची मुलं होती. यात त्या काळी कुणाला वावगं वाटलं नाही. शेतावर मुलं काम करतातच, तर गिरणीत का नको? इंग्लंडमध्ये तर त्याच्या आधीपासून हे चालू होतं. तिथं १८३२ साली खासदार मायकेल सॅडलर यांच्या समितीपुढं गिरणी कामगारांच्या साक्षी झाल्या. लहानपणापासून साच्यावर उभं राहून पाय वाकडे झालेली माणसं समितीसमोर आली आणि बोलली. पुढच्या वर्षी कायदा झाला. आता लक्षात घ्या, फोटोग्राफीची कला जगासमोर आली ती १८३९ साली. म्हणजे सॅडलरच्या साक्षीदारांकडे फक्त शब्द होते. त्यानंतर १८४२ मध्ये खाणींतल्या मुलांवरचा अहवाल आला, त्यात अंधारात गाड्या ओढणाऱ्या मुलांची रेखाटनं छापली होती आणि लोक हादरले. शब्दाला चित्राची जोड मिळाली की काय होतं, ते तिथं पहिल्यांदा कळलं.

हाइनला हे नीट माहीत होतं. तो मूळचा शिक्षक, कलावंत म्हणून पुढं आलेला नव्हे. जन्म १८७४ चा. वडील गेल्यावर तरुणपणी त्यानं स्वतः कारखान्यात राबून घराला हातभार लावला होता. समाजशास्त्र शिकला, न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिकवायला लागला आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी त्याच्या हातात कॅमेरा दिला. एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांचे फोटो काढत तो शिकला. १९०४ साली नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी स्थापन झाली होती. १९०८ मध्ये या समितीनं त्याला पूर्णवेळ कामावर घेतलं. त्या वेळची परिस्थिती काय होती? १९०० च्या जनगणनेत दहा ते पंधरा वर्षांची साडेसतरा लाख मुलं कामावर असल्याची नोंद आहे. आणि ही नोंदलेली. न नोंदलेल्यांचं काय, तोच तर मुद्दा होता.

तो न नोंदण्याचा प्रकार जरा समजून घेऊ, कारण त्याशिवाय हाइनची पद्धत कळत नाही. दक्षिणेतल्या गिरण्यांभोवती गिरणीचीच वस्ती असायची. घर गिरणीचं, दुकान गिरणीचं. अख्खं कुटुंब कामावर यायचं. मोठी बहीण साच्यावर, आणि धाकटी तिच्याबरोबर ‘मदतीला’. धाकटीचं नाव पगारपत्रकावर नाही. म्हणजे कागदोपत्री ती गिरणीत नाहीच! कोणी विचारलं तर मुकादम म्हणणार, अहो, ती जेवणाचा डबा घेऊन आलीय. किंवा ती सहज डोकावली. साउथ कॅरोलायनातल्या न्यूबेरीच्या एका गिरणीत हाइननं एका कातणाऱ्या मुलीचा फोटो काढला. मुकादम ओशाळून म्हणाला की ही सहज आत आलीय. हाइननं ते तसंच टिपून ठेवलं आणि पुढं लिहिलं की ती सलग काम करत होती. वर हेही लिहिलं की अशा ‘सहज आलेल्या’ आणि ‘बहिणीला मदत करणाऱ्या’ पोरांनी या गिरण्या भरलेल्या दिसतात. (हशा.) हसू येतं खरं. या मिश्कीलपणामागं मोठा राग आहे.

तेव्हा अडचण ही होती की समोरचा नाकारणार. मुलं नाहीतच म्हणणार, असली तर चौदा वर्षांची आहेत म्हणणार, दक्षिणेची उगाच बदनामी चालवलीय म्हणणार. अशा माणसापुढं नुसता करुण फोटो ठेवून काय उपयोग? तो म्हणेल, कुठली मुलगी ही? कुठली गिरणी? कशावरून? म्हणून हाइन प्रत्येक फोटोला गाव, गिरणी, तारीख, शक्य तिथं नाव, वय, किती दिवस कामावर, किती पगार, हे सगळं जोडत गेला. गिरणीत शिरण्यासाठी त्यानं सोंगं घेतली. कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डवाला, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलेला माणूस. एक हात खिशात, आणि खिशातल्या खिशात कागदावर टिपणं. मुलांची उंची मोजायची कशी? त्यानं आपल्या जाकिटाच्या गुंड्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते मोजून ठेवलं होतं. मूल शेजारी उभं राहिलं की कितव्या गुंडीला डोकं लागतं, ते बघायचं. झालं. ५१ इंच.

मला ही गुंड्यांची युक्ती फार महत्त्वाची वाटते. वयाबद्दल खोटं बोलता येतं. आईबाप खोटं सांगतात, मुकादम सांगतो, मूलही सांगतं, कारण घरात पैसे हवेत. उंची खोटं बोलत नाही. साउथ कॅरोलायनातल्या लँकेस्टरच्या गिरणीत त्यानं काढलेल्या एका मुलीची उंची ४८ इंच आहे. चार फूट. घरी गेल्यावर दाराच्या चौकटीवर चार फुटांवर पेन्सिलीनं खूण करा आणि शेजारी तुमच्या ओळखीचं दुसरी-तिसरीतलं मूल उभं करा. त्या फोटोत त्या मुलीसमोर साच्याची रांग दूरवर जाताना दिसते. चित्रकलेच्या भाषेत त्याला आपण यथार्थदर्शन म्हणतो. पण तो लांबलचक साचा तिथं देखणेपणासाठी नाही. या रांगेवरून दिवसभर मागं-पुढं चालत राहायचं आणि तुटलेला धागा दिसला की जोडायचा, हे तिचं काम आहे. रेषेची लांबी ही तिच्या चालण्याची लांबी आहे.

तीच गोष्ट जॉर्जियातल्या मेकनच्या गिरणीतल्या त्या प्रसिद्ध फोटोची. जानेवारी १९०९. दोन अनवाणी मुलगे चालत्या साच्यावर चढले आहेत. का? तर रिकाम्या बॉबिन लावायला आणि तुटलेले धागे जोडायला हात पुरत नाही म्हणून. यंत्र मोठ्या माणसाच्या मापानं बांधलं आहे आणि कामाला मूल आहे, ही विसंगती एका नजरेत दिसते. तिथं हाइनला टिप्पणी करावी लागत नाही.

आता जरा तुलना करू. हाइनच्या आधी न्यूयॉर्कच्या वस्त्यांचे फोटो काढणारा जेकब रीस होता. त्याचं पुस्तक १८९० चं. रीस रात्री अंधाऱ्या खोलीत शिरायचा, मॅग्नेशियमच्या पुडीचा लखकन उजेड पाडायचा आणि झोपेतून दचकलेली माणसं प्लेटवर यायची. त्याच्या कामानं सुधारणा झाल्या, ते मी नाकारत नाही. पण त्या फोटोंतली माणसं पकडली गेल्यासारखी दिसतात. हाइनही पूड जाळायचाच. काचेच्या प्लेटा, तिपाई, मोठा पेटीसारखा कॅमेरा, हे सगळं तोही वागवत होता. पण तो मुलांशी बोलायचा. त्यांना उभं राहायला वेळ द्यायचा. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आणायचा. म्हणून त्याची मुलं आपल्याकडे खालून वर बघत नाहीत, समोरासमोर बघतात. काही तर चक्क रुबाबात उभी आहेत, कमाई करणारी माणसं असल्यासारखी. तो रुबाब हाइननं पुसला नाही. दुसऱ्या कुणी ‘जरा दुःखी चेहरा कर’ म्हटलं असतं.

इथपर्यंत मी हाइनची बाजू घेतली. आता दुसरी बाजू.

(पडद्यावर दुसरा फोटो.)

ऑगस्ट १९१०. उत्तरेतलं व्हरमाँट राज्य, नॉर्थ पॉनल. अनवाणी मुलगी, मळका झगा, एक कोपर साच्यावर टेकलेलं. हाइनच्या सगळ्यांत गाजलेल्या फोटोंपैकी हा एक. नोंदीत नाव आहे अ‍ॅडी लेअर्ड. गिरणीतल्या मुली म्हणाल्या ही दहाची आहे. तिनं स्वतः बारा सांगितलं. आणि सांगितलं की शाळेच्या सुट्टीत कामाला लागले, आता इथंच राहणार.

१९९८ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं या फोटोचं तिकीट काढलं. पण ही मुलगी कोण, पुढं तिचं काय झालं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण लेअर्ड नावाची मुलगी सापडतच नव्हती. पुढं लेखिका एलिझाबेथ विन्थ्रॉप हिनं या फोटोवरून मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली, मूळ मुलीचा माग काढला आणि मग जो मॅनिंग या संशोधकालाही त्या कामाला लावलं. निघालं काय? आडनाव लेअर्ड नव्हतंच, कार्ड होतं. अ‍ॅडी कार्ड. जन्म डिसेंबर १८९७. म्हणजे फोटोच्या वेळी बारा वर्षांची. ती खरंच बोलत होती! तिला ती दहाची आहे म्हणणारे चुकले होते आणि तिचं नाव लिहून घेणारा चुकला होता. ती १९९३ साली वारली, नव्वदी पार करून. तिकीट निघालं त्याच्या पाच वर्षं आधी. सगळं आयुष्य तिनं हलाखीत काढलं आणि आपला चेहरा देशभर पोचलाय, हे तिला कधी कळलं नाही.

आता या गोष्टीचा अर्थ कसा लावायचा? कुणी म्हणेल, बघा, नोंदीतही चूक असते, मग तुमचा तो पुरावा-बिरावा काय कामाचा? मी उलट म्हणतो. नोंद होती म्हणून चूक सापडली. गाव होतं, गिरणी होती, तारीख होती, म्हणून जनगणनेचे कागद उलगडून ९० वर्षांनंतर त्या मुलीला तिचं नाव परत देता आलं. नुसता ‘निरागस बालपण’ अशा मथळ्याचा फोटो असता, तर चूक दुरुस्त करायला तरी काय उरलं असतं?

पण एक प्रश्न मात्र हाइनला विचारलाच पाहिजे. चौकटीत कोण आहे, ते आपण पाहिलं. चौकटीबाहेर कोण आहे? दक्षिणेतल्या गिरण्यांच्या कातणी खात्यातली ही मुलं जवळपास सगळी गोरी आहेत. कारण आत साच्यावरची कामं गोऱ्यांसाठी राखलेली होती. काळ्या कामगारांच्या वाट्याला अंगणातली, गासड्या ओढायची, कापूस फोडायची कामं. आणि काळी मुलं कुठं होती? त्या गिरणीत येणारा कापूस वेचत होती, शेतात. समितीचे दक्षिणेतले चिटणीस अलेक्झांडर मॅकेल्वे तर उघड मांडत असत की शुद्ध अँग्लो-सॅक्सन रक्ताची मुलं गिरणीत झिजतायत, ही वंशाची हानी आहे. म्हणजे करुणा होती, पण तिलाही वर्ण होता. हाइननं शेतांतले फोटोही पुढं काढले, हे मान्य. पण आपल्या मनात ‘बालमजूर’ म्हटल्यावर जो चेहरा येतो तो साच्याजवळच्या गोऱ्या मुलीचा. मोहिमेनं तोच निवडला, कारण ज्यांचं मन वळवायचं होतं त्यांना ती आपल्या लेकीसारखी दिसणार होती. पुरावा गोळा करणाराही निवड करतो. हाइननंच १९०९ मधल्या एका भाषणात बजावलं होतं की फोटो खोटं बोलत नसेल, पण खोटं बोलणारे फोटो काढू शकतात. त्याला मी एवढीच पुस्ती जोडेन, खरं बोलणाऱ्याच्या चौकटीलाही कडा असतात.

आता कायद्याचं बघू. सर्रास लिहिलं जातं की हाइनच्या फोटोंनी अमेरिकेतली बालमजुरी संपवली. इतकं सोपं नव्हतं हो. १९१६ साली कीटिंग-ओवेन कायदा झाला. चौदा वर्षांखालची मुलं राबवणाऱ्या कारखान्यांचा माल राज्याबाहेर नेता येणार नाही, असा. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. दावा कुणाच्या नावानं होता? डॅगेनहार्ट नावाच्या एका गिरणी कामगाराच्या. माझ्या मुलांना काम करू द्या, असं बापाचं म्हणणं. पाठीशी गिरणीमालकांची फळी होती, पण नाव बापाचं. काही वर्षांनी त्यातल्या एका मुलाला पत्रकारानं गाठलं, तेव्हा तो म्हणाला की शाळेत गेलो असतो तर बरं झालं असतं. मग करातून बंदी आणायचा प्रयत्न झाला, तोही न्यायालयानं १९२२ मध्ये मोडीत काढला. १९२४ ची घटनादुरुस्ती पुरेशा राज्यांनी मान्यच केली नाही. शेवटी कापडगिरण्यांनी सोळा वर्षांची अट मान्य केली ती १९३३ मध्ये, महामंदीत, जेव्हा मोठी माणसंच कामासाठी दारात उभी होती. कायमचा कायदा १९३८ चा. हाइनच्या पहिल्या दौऱ्यानंतर तीस वर्षांनी! आणि त्या कायद्यातूनही शेतीतल्या मुलांना बहुतांशी वगळलं होतं. चौकटीबाहेरचे कायद्याबाहेरही राहिले.

मग फोटोंनी केलं काय? माझ्या मते एकच गोष्ट केली, पण ती लहान नाही. नाकारणं अशक्य केलं. १९०८ च्या आधी ‘मुलं नाहीतच’ म्हणता येत होतं. नंतर वाद घालावा लागला तो ‘मुलं असावीत की नसावीत’ असा. फोटोचं काम एवढंच असतं. पुढचं काम माणसांनी करायचं असतं, आणि त्यांना तीस वर्षं लागली.

खुद्द हाइनचं काय झालं? उतारवयात कामं मिळेनात. घर हातचं गेलं. १९४० मध्ये गरिबीतच गेला. पुढं त्याच्या निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं नको म्हटल्या आणि त्या रॉचेस्टरच्या ईस्टमन हाउसमध्ये गेल्या. समितीचे पाच हजारांवर फोटो मात्र वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि घरबसल्या फुकट बघता येतात. माझी विनंती एवढीच, बघाल तेव्हा खालची नोंदही वाचा. आणि कुणाला पाठवाल तेव्हा ती कापू नका.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : आपल्या गिरणगावाचं काय? तिथंही मुलं होतीच ना?

होती. आणि हा प्रश्न कुणी विचारला नसता तर मला वाईट वाटलं असतं. मुंबईच्या गिरण्यांसाठी १८७५ मध्ये चौकशी आयोग बसला. १८८१ चा पहिला कायदा म्हणतो की सात वर्षांखालचं मूल नको, आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊच तास काम. ‘नऊच’! १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं, १९२२ मध्ये बारा. नारायण मेघाजी लोखंडे कामगारांच्या सभा घेऊन सह्यांचे अर्ज देत होते. आणि गंमत बघा, त्या वेळी आपल्याकडच्या कित्येक देशभक्तांना हे कायदे म्हणजे मँचेस्टरचा कावा वाटत होता. त्यात तथ्यही होतं, लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा खुपतच होती. अमेरिकेत दक्षिणेतले मालकही हेच म्हणायचे, की हा उत्तरेतल्या गिरण्यांचा डाव आहे. मालकाचा डाव खरा असेलही. पण म्हणून साच्यावरचं मूल खोटं होत नाही.

आपल्याकडच्या या चौकशांतून साक्षी उरल्या, आकडे उरले, कागद उरले. चेहऱ्याशिवायची नोंद. हाइनच्या फोटोंचं आपण जे करतो ते याच्या नेमकं उलट, नोंदीशिवायचा चेहरा. दोन्ही अर्धंच. तुमच्यापैकी कुणाच्या घरी गिरणीतल्या पणजोबांचा एखादा जुना फोटो असेल, तर आज घरी जाऊन एवढं करा. त्याच्या मागं पेन्सिलीनं लिहा. नाव, गाव, गिरणी, खातं, आणि कितव्या वर्षी कामाला लागले ते. सांगणारं माणूस घरात आहे, तोवर.